चारशे ऐंशी ग्रॅम

देजॉन शहरात एकशे तीन नंबरच्या इमारतीखाली
एक बुटकी पेटी उभी असते.
कार्ड टेकवलं की झाकण उघडतं,
खरकटं ओतलं की मिटतं,
आणि आतून एक बाई वजन सांगते,
इतक्या गोड आवाजात
जसं काही कौतुकच करतेय.

ग्वाक दोंग-सू, वय एकाहत्तर,
जन्मभर रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केलेला माणूस,
बायको गेल्यावर आठवड्याने
पहिल्यांदा या पेटीसमोर आला.
तोवर हे काम तिचं होतं.
चारशे ऐंशी ग्रॅम, पेटी म्हणाली.
त्याने मागे वळून पाहिलं,
कुणी ऐकलं तर नाही ना.

एकट्याचे चारशे ऐंशी.
मग दोघांचे किती व्हायचे?
फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली,
मागच्या सालचं बिल होतं.
दोन किलो शंभर. महिन्याचे.
त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
महिन्याचे.

बिघाड शोधायचा तर तारेवरून उलटं जायचं,
एवढं त्याला येत होतं.
पेटीपासून ताटाकडे, ताटापासून पातेल्याकडे,
पातेल्यापासून बाजारातल्या त्या पिशवीकडे,
तीन कोबी एकाच्या भावात,
आणि घरी खाणारं तोंड एक.
पहिला बिघाड सापडला.

दुसरा शेजारच्या सॉकबाईंनी दाखवला.
गॅलरीतल्या दोरीकडे बोट करत म्हणाल्या,
एवढाच उरला? तिने तर भरपूर वाळवला होता.
काय वाळवला होता?
अहो, मुळ्याचा पाला.

त्याने तो कचरा समजून काढला होता,
तपकिरी, चुरचुरीत, धुळीसारखा वास येणारा.
अर्धी दोरी रिकामी केली होती त्या पहिल्या आठवड्यात.
वजन कितीसं असणार त्याचं,
वाळल्या पानांचं.
पण त्या चारशे ऐंशीत तेही होतं.

मग तो शिकला, आडमुठेपणाने, उशिरा,
तांदळाचं दुसरं धुवण फेकायचं नाही,
त्यातच सोयाबीनची आंबवलेली चटणी कालवायची.
करपलेल्या भातावर पाणी ओतून
खरवड सुटेपर्यंत थांबायचं.
खाणावळीत न मागता येणाऱ्या सात वाट्यांपैकी
चार हात लावायच्या आधीच परत पाठवायच्या.
मालकीण पहिल्यांदा रागावली,
आता त्याला पाहिलं की तीनच आणते.
गाईचं मांस वर्षातून एकदा,
समुद्री शेवाळाच्या सुपात,
तिच्या वाढदिवसाला.

नात दा-ओन सोलहून आली,
ताटाचा फोटो काढला,
म्हणाली, आजोबा, तुम्ही पृथ्वी वाचवताय.
मी भात संपवतोय, तो म्हणाला.
आणि तू तो मुळा अर्धा का टाकलास?
तिने खाल्ला.
खाता खाता गायी, वायू, तापमान असं बरंच सांगितलं.
त्याला निम्मं कळलं,
उरलेलं त्याने ठेवून दिलं, नंतरसाठी,
आता सगळंच ठेवतो तसं.

पेटीवाली बाई हल्ली एकशे वीस म्हणते,
कधी नव्वद.
एकदा त्याने नुसतीच कलिंगडाची साल नेली,
बाई म्हणाली आठशे,
आणि तो लिफ्टमध्ये एकटाच हसला.

दोरीवर आता त्याने बांधलेल्या जुड्या आहेत,
ढिल्या, वाकड्या, एक रोज खाली पडणारी.
आणि अगदी टोकाला एक तिची.
लाल सुतळीची गाठ, दोन पदरी,
तिच्याशिवाय कुणाला न येणारी.

शिजवली तर संपेल.
नाही शिजवली तर कधीतरी किडेल,
आणि ती बाई वजन सांगेल.
दोन हिवाळे तो त्या जुडीखालून
मान वाकवून ये-जा करत राहिला.

काल रात्री त्याने खुर्ची ओढली, वर चढला.
गाठ सोडवायला वीस मिनिटं लागली,
कापली नाही.
सुतळी खिशात ठेवली,
पाला पाण्यात.

सकाळी पाहिलं तर
पातेलं काठोकाठ भरलं होतं.
त्याने सॉकबाईंचं दार वाजवलं,
म्हणाला, वाडगा घेऊन या,
मोठा.